गाडी झोपल्यावर

गेल्या डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला, त्याच आठवड्यात आमच्या गाडीने पहिल्यांदा दगा दिला. मी नाशिकला राहते आणि निफाडच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पहिला तास सव्वासातचा, म्हणजे सहाला घर सोडावंच लागतं. त्या दिवशी किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, आणि सेल्फ मारल्याबरोबर सगळे एकदम मिणमिणते झाले. बोनेटखालून नुसती टक-टक-टक-टक. इंजिन जागचं हललं नाही.

ती टकटक सोलेनॉइडची, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी खटक्याची. तो ओढला जातो, स्टार्टर भरमसाट करंट मागतो, बॅटरीचे व्होल्ट कोसळतात, सोलेनॉइड सुटतो. भार गेला की व्होल्ट पुन्हा वर येतात आणि तो पुन्हा ओढला जातो. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण अंधार, बोचरी थंडी आणि पुढे बारावीचा तास असताना तो आवाज छातीत वाजतो.

खालच्या मजल्यावरचे शेजारी स्वेटर चढवून आले. "ताई, बॅटरी बसली," म्हणाले आणि त्यांच्या गाडीला केबल लावून आमची चालू करून दिली. संध्याकाळी मी बॅटरीच्या दुकानात गेले. बॅटरी अडीच वर्षांची होती. दुकानदार म्हणाला, "संपली मॅडम, आता थंडीत रोज त्रास देईल." पटण्यासारखंच होतं. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, म्हणजे एकीकडे देणारा अशक्त आणि दुसरीकडे मागणारा हट्टी. नवी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी बसवली, जुनी बदल्यात दिली.

नवव्या दिवशी पुन्हा तीच टकटक.

दुकानदाराने बॅटरी लोड टेस्टरवर लावली. उत्तम. म्हणाला, तुमची गाडी कमी चालते. रोज जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात, असं मी सांगितल्यावर तो गप्प राहिला. सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिन चालू ठेवून मीटर लावला, १४.१ व्होल्ट दिसले. चार्जिंग बरोबर, इंजिनाच्या फिरण्यातून वीज तयार करून बॅटरी भरणारा अल्टरनेटर ओके, बॅटरी ओके. सगळंच ओके, आणि सकाळी गाडी चालू होत नाही! काउंटरवरच्या मुलाने सुचवलं की एकदा मोठी बॅटरी टाकून बघा.

तेव्हा मला आमच्या सोसायटीची टाकी आठवली. दोन वर्षांपूर्वी वरची टाकी रोज पहाटेपर्यंत रिकामी व्हायची. मीटिंगमध्ये दुसरी टाकी बांधायचा ठराव जवळजवळ झालाच होता. मग एक प्लंबर आला आणि म्हणाला, मी रात्री साडेअकरानंतर येतो, सगळे झोपल्यावर. आला, गच्चीवर उभा राहिला, आणि एकेका विंगचा व्हॉल्व्ह बंद करत पाइपाला कान लावून ऐकत बसला. बी विंगचा व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा सूं आवाज थांबला. जमिनीखालचा एक जोड गळत होता. दिवसा तो कधीच सापडला नसता, कारण दिवसा सगळ्यांचेच नळ चालू.

मोटारीतही हीच युक्ती चालते. सगळं बंद करायचं, बॅटरीतून किती करंट जातोय ते मोजायचं, आणि एकेक फ्यूज काढत बघायचं की कुठला काढल्यावर आकडा पडतो.

रविवारी मी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घरी आणला. आधी बांगड्या आणि अंगठी काढून ठेवली. ही गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते: सोन्याची बांगडी एकीकडे बॅटरीच्या प्लसला आणि दुसरीकडे गाडीच्या पत्र्याला लागली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर जाऊ शकतात आणि ती मनगटावरच लाल होते. त्याच कारणाने आधी निगेटिव्ह सुटी करायची. दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्हची वायर काढली, मीटरची पिन दहा अँपिअरच्या भोकात घातली, एक टोक बॅटरीच्या खांबाला, दुसरं सुटलेल्या वायरीला. शाळेत शिकलेली एकसर जोडणी. इतकी वर्षं फळ्यावर काढत आले, पण स्वतःच्या गाडीला पहिल्यांदाच करत होते.

आणि सवयीने गाडी लॉक करायला रिमोटचं बटण दाबलं. चारही दारांच्या मोटरी एकदम फिरल्या आणि मीटर ०.०० वर जाऊन बसला. पंधरा मिनिटं मी खुशीत होते की गळती नाहीच, बॅटरीच वाईट लागली. मग लक्षात आलं की शून्य येणं शक्यच नाही. गाडीतलं घड्याळ चालतं, रिमोट ऐकणारा भाग जागा असतो, इंजिनाच्या कॉम्प्युटरला थोडी वीज लागतेच. निरोगी गाडीसुद्धा वीस ते पन्नास मिलिअँपिअर खाते. शून्य म्हणजे मीटरच्या पोटातला फ्यूज उडालाय. आकडा चांगला आला म्हणून मी तो तपासलाच नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. हेच एखाद्या मुलाच्या जर्नलमध्ये दिसलं असतं तर मी तांबड्या पेनाने खूण केली असती.

पुढच्या रविवारी नवा फ्यूज घालून पुन्हा बसले. या वेळी घाई नव्हती. रिमोट वरच्या घरात ठेवला. ड्रायव्हरकडचं दार उघडं ठेवायला हवं होतं, कारण फ्यूजचा एक डबा आत स्टिअरिंगखाली असतो. म्हणून दाराच्या लॉकची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून बंद केली. दार लागलं, असं गाडीला वाटायला हवं. बोनेट आधीच उघडून ठेवलं. मीटर जोडला. ३.४ अँपिअर. हा आकडा बघून घाबरायचं नसतं. वायर जोडल्याबरोबर गाडीतले सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि मग एकेक करून झोपतात. त्याला वीस मिनिटं लागतात, काही गाड्यांत जास्त. मी पायरीवर बसून राहिले. दहा मिनिटांनी १.९. आतून कुठलातरी रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, बारीक टिक करून सुटला. अर्ध्या तासाने १.३१, आणि तिथेच ठाम.

या गणितात मोठं काहीच नाही, तरी ते करून बघताना अंगावर शहारा आला. संध्याकाळी सातला गाडी लावली आणि सकाळी सहाला काढली, तर अकरा तास. अकरा गुणिले १.३१ म्हणजे साधारण साडेचौदा अँपिअर-अवर. पस्तीसची बॅटरी, त्यातली चाळीस टक्के एका रात्रीत जमिनीत. दिवसा एका बाजूच्या तासाभराच्या प्रवासात अल्टरनेटर त्यातलं बरंच भरून काढायचा, पण सगळं नाही. रोज थोडी तूट. आठ-नऊ दिवसांत तूट इतकी साठायची की थंडीची एखादी सकाळ पुरायची. गळती बहुधा दिवाळीच्या आधीपासूनच असावी, उबेच्या दिवसांत ती लपून राहिली.

छोट्या प्लास्टिकच्या चिमट्याने एकेक फ्यूज काढायला लागले. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. काढायचा, आकडा बघायचा, परत घालायचा, पुढचा. ऑडिओचा फ्यूज काढला आणि १.३१चे १.१२ झाले. रिव्हर्स कॅमेऱ्याचा पडदा मी दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने त्याची वायर किल्लीवर चालणाऱ्या लाइनऐवजी कायम चालू असणाऱ्या लाइनला जोडली होती. पडदा काळा दिसायचा, पण आतून जागाच. हा एक चोर सापडला. तो फ्यूज बाहेरच ठेवून मी पुढचे फ्यूज काढत गेले. १.१२. १.१२. १.१२. शेवटी दोन्ही डब्यांतले सगळे फ्यूज काढून ताटलीत ठेवले, रंगीत गोळ्यांसारखे, आणि मीटर बघितला.

१.१२.

गाडीतला एकही दिवा, एकही काच, एकही पंखा आता वीज घेऊ शकत नव्हता, आणि एका अँपिअरहून जास्त करंट शांतपणे वाहत होता. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभी राहिले. करंट कुठूनतरी जातो आणि परत येतो. बंद मंडल असल्याशिवाय तो वाहत नाही, ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. इथे मंडल होतं आणि मला ते दिसत नव्हतं.

आमच्या भागात एक वायरमन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. साठी ओलांडलेली, ट्रक आणि मेटॅडोरच्या वायरिंगवर हात बसलेला. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "आज मी येत नाही मॅडम. गाडी आज चालवा. रात्री लावा. आणि सकाळी मी येईस्तोवर तिला हात लावू नका. बोनेटपण उघडू नका." २५ डिसेंबरची सुट्टी होती, तीच सकाळ ठरली.

ते साडेसहाला आले, मफलर गुंडाळून. हातात पिशवी, पण ती त्यांनी उघडली नाही. बोनेट उचललं आणि खिशातून उजवा हात काढला. आधी रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर ठेवला. मग इंजिनाच्या झाकणावर. मग बॅटरीवर. सगळं बर्फासारखं, पत्र्यावर दव साचलेलं. मग बेल्टच्या बाजूने हात खाली घातला, अल्टरनेटरवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"हात लावा."

मी लावला. कोमट होता. चहा पिऊन खाली ठेवलेला कप असतो ना, तेवढा.

"गाडी रातभर उभीये ना? मग ह्यालाच ताप कसा?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. १.१२ अँपिअर गुणिले सव्वाबारा व्होल्ट, म्हणजे जवळजवळ चौदा वॉट. वीज कुठेही गेली तरी शेवटी उष्णता होते, आणि चौदा वॉटची उष्णता रात्रभर एका जागी जमली तर ती तळव्याला कळणारच. हा नियम जूलचा. मी शिकवते. चाचांनी तो हाताने वाचला. ते येईस्तोवर गाडीला हात का लावू दिला नाही, हेही तेव्हा समजलं: इंजिन एकदा चालू केलं असतं तर सगळंच गरम झालं असतं, आणि त्यात ही ऊब हरवून गेली असती.

मग त्यांनी पिशवीतून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्याचं टोक पुलीच्या मधल्या नटाजवळ नेलं. ते हलकेच ओढलं जाऊन चिकटलं. बंद गाडीत अल्टरनेटरच्या आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, चुंबक झालेला होता. लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळून टाचण्या उचलायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला असतो. हा तोच, फक्त कुणी न सांगता रात्रभर चालू राहिलेला.

चाचा अजूनही अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात, आणि त्यामागची गोष्ट त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितली. पूर्वी खरोखरच डायनामो असायचे. गाडी बंद झाली की बॅटरीतली वीज उलटी डायनामोत शिरू नये, म्हणून मध्ये कट-आऊट असायचा, एक छोटा रिले. त्याचे पॉइंट चिकटले की रात्रीत बॅटरी खलास. नव्या पोरांना हे शिकताना मार पडायचा, म्हणाले. साठच्या दशकात सिलिकॉनचे डायोड स्वस्तात मिळायला लागले आणि मोटारीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले. त्यांना कट-आऊट लागत नाही, कारण डायोड वीज एकाच दिशेने सोडतो. आमच्या गाडीत त्या सहा डायोडांपैकी एक गळका झाला होता. पूर्ण शॉर्ट झाला असता तर चार्जिंगचा दिवा किंवा आवाज, काहीतरी दिसलं असतं. हा दिवसा काम करत होता आणि रात्री मागच्या दाराने वीज आत घेत होता. म्हणून सर्व्हिस सेंटरला १४.१ दिसले. त्यांचा आकडा खोटा नव्हता. तोच मीटर एसी व्होल्टवर फिरवून बॅटरीवर लावला असता, तर कदाचित अर्ध्या व्होल्टच्या वर लहर दिसली असती आणि डायोडचा संशय तिथेच आला असता. आणि अल्टरनेटरची जाड वायर या छोट्या फ्यूजांतून जातच नाही, ती मुख्य जोडावरून थेट बॅटरीला जाते. म्हणून माझी ताटली भरली तरी आकडा ढळला नाही.

खात्री करायला निगेटिव्ह काढली, अल्टरनेटरच्या मागचा जाड वायरीचा नट सोडवला, वायरीच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवला, माझा मीटर लावला. थांबलो. त्यांनी एक बिडी संपवली. ०.०३.

त्या शून्य पूर्णांक तीनशतांशाकडे बघून मला जे वाटलं, ते मी एरवी फक्त निकालाच्या दिवशी अनुभवलंय.

अल्टरनेटर त्यांच्या दुकानात उघडला. डायोडची प्लेट हातावर घेऊन त्यांनी एकेका डायोडला मीटर लावून दाखवला: एका बाजूने बोलतो, उलट्या बाजूने गप्प. एक, दोन, तीन, चार. पाचवा दोन्ही बाजूंनी बोलला. प्लेट बदलली, बेअरिंग ठीक होतं म्हणून तसंच ठेवलं, कॅमेऱ्याची वायरही किल्लीच्या लाइनवर घेतली. नव्या अल्टरनेटरच्या किमतीच्या पाव भागातही खर्च आला नाही. जुनी प्लेट मी मागून घेतली.

बॅटरीचं मात्र मनाला लागून राहिलंय. गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९मध्ये शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी गंधकाम्लात बुडवून जी बॅटरी केली, तिचाच वंश आजही आपल्या बोनेटखाली आहे, आणि तिचा स्वभावही तोच: तिला रिकामं राहणं सोसत नाही. पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट, १२.२ला अर्धी, ११.९च्या आसपास जवळपास रिती. रिती पडून राहिली की पत्र्यांवरचं लेड सल्फेट खड्यांसारखं घट्ट बसतं आणि ते पुन्हा विरघळायला तयार होत नाही. तेवढी जागा कायमची गेली. इंजिन चालू करायला धरलेल्या बॅटरीला एक क्षण खूप करंट द्यायची सवय असते, रात्रभर झिरपायची नसते. चाचांनी ती काढून चार्जरवर तीन अँपिअरच्या हळू गतीने रात्रभर ठेवली, खोलीची खिडकी उघडी ठेवून, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बॅटरी उभी राहिली. पण आठवडाभरात दोनदा तळ गाठलेल्या नव्या बॅटरीचं काही आयुष्य नक्कीच गेलं. आणि अडीच वर्षांची ती जुनी, जी मी बदल्यात देऊन टाकली, तिच्यात कदाचित अजून वर्षभराचा जीव होता. तिला कुणी विचारलंच नाही. नुकसान तिच्या अंगावर दिसत होतं, म्हणून दोष तिचा, असं दुकानदाराने धरलं, मी धरलं, आणि सर्व्हिस सेंटर तर तिच्याहून मोठी आणायला निघालं होतं.

जानेवारीत मी ती डायोड प्लेट वर्गात नेली. मीटर फिरवला, पाचव्या डायोडचा दोन्ही बाजूंचा आवाज सगळ्यांना ऐकवला. अर्धवाहकाचा धडा इतका शांत वर्गात मी याआधी कधी शिकवला नव्हता. तास संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. घरची द्राक्षबाग आहे त्याची. म्हणाला, "मॅडम, आमच्या पिकअपची बॅटरीपण अशीच उतरते. दोन वर्षं झाली. रोज रात्री पप्पा वायर काढून ठेवतात, सकाळी लावतात."

दोन वर्षं. म्हणजे सातशेच्या वर रात्री एक माणूस दहा नंबरचा पाना घेऊन अंगणात उतरलाय.

पुढच्या रविवारी पहाटे मी त्यांच्या मळ्यावर पोचले. शनिवारी रात्री वायर काढू नका, असं सांगून ठेवलं होतं. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या केलेल्या, धूर ओळींमधून जमिनीलगत पसरलेला. मुलाच्या आईने चहा दिला. वडील पिकअपजवळ उभे होते. मी बांगड्या काढून मुलाच्या हातात दिल्या, त्याने त्या शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं. बोनेट उचललं. रेडिएटर, इंजिनाचं झाकण, बॅटरी. मग मी त्याला म्हटलं, आता खाली अल्टरनेटरवर हात ठेव आणि जरा वेळ राहू दे.

त्याने ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"थंडगार आहे, मॅडम."

मीही हात लावून बघितला. खरंच थंड होता. मग त्याच्या वडिलांनी टॉर्च धरला आणि आम्ही फ्यूजचा डबा उघडला.